दवाखाना सुधारायच्या मीटिंगमध्ये पेशंटला बसवून खरंच काही फायदा होतो का?

होतो की, लै होतो. डॉक्टरला आजार कळतो पण केसपेपरच्या लाइनीत ताटकळणं, गोळ्या बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी मिळणं, बाळंतिणीला रात्री गाडी न मिळणं हे पेशंट अन् त्याच्या घरच्यांनाच माहीत असतं, रजिस्टरात कुठंच दिसत नाही. आपल्याकडचंच बघा ना, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ ला आलं अन् त्यातून २००७ मध्ये महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव पण होतं. गावातले लोकच आरोग्यसेवेचं प्रगतीपत्रक भरायचे, हिरवा-पिवळा-लाल रंग देऊन, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारायचं.

सरकारी दवाखान्याचा कारभार बघायला रुग्ण कल्याण समित्या पण आहेत, फक्त बऱ्याच ठिकाणी नुसत्या सह्या होतात (चहा-बिस्कीट वेगळं). पेशंटच्या नावाखाली पुढारी बसवला तर काय उपयोग, त्यापेक्षा दर आठवड्याला डायलिसिसला येणारा माणूस घ्या, मीटिंग एसटीच्या टाइमप्रमाणे ठेवा, जायचं-यायचं भाडं द्या, अन् मागच्या वेळी सांगितलेल्यातलं काय झालं ते त्यांना सांगा, नाहीतर पुढच्या मीटिंगला कोणी फिरकणार नाही.