लाटणं घेऊन जा, स्लाइड शो नको

ताई, आम्ही सहा वर्षांपासून मिनेसोटातल्या एका लहान गावात राहतो. गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत एक छोटं संग्रहालय आहे. नांगर, शिवणयंत्रं, शंभर वर्षांपूर्वीच्या लग्नांचे फोटो, असं सगळं तिथे जपून ठेवलंय. डिसेंबरातल्या एका शनिवारी तिथे सहकुटुंब जायचा दिवस असतो. मुलं कागदकाम करतात, झाडावर टांगायच्या वस्तू बनवतात, लोक घरून गोडधोड करून आणतात. यंदा तिथल्या बाईंनी आम्हाला एक टेबल देऊ केलंय, ‘तुमच्याकडचं काहीतरी दाखवा’ म्हणून. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्यांनी दोनशे माणसांच्या फराळाचा बेत जाहीरही करून टाकला. नवरा म्हणतो, स्लाइड शो करू. नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, मी कुर्ता घालून तिथे उभा राहणार नाही. आणि मी या विचारात, की दिवाळी तर होऊन गेली, आता डिसेंबरात मांडायचं तरी काय?

*

आधी स्लाइड शो रद्द करा. नवऱ्याला माझं नाव सांगा. शनिवारी दुपारी, अंगात जाड कोट, हाताला चिकट साखर, अशा अवस्थेतली मुलं पडद्यासमोर उभी राहत नाहीत, आणि मुलं पुढे सरकली की आईबापही सरकतात. तुमच्या टेबलावर हवं ते काम, जे दहा मिनिटांत हातून पुरं होईल आणि घरी नेता येईल.

मुलाचं म्हणणं बरोबर आहे. तो कुर्त्याला नाही म्हणत नाहीये, नमुना म्हणून उभं राहायला नाही म्हणतोय. त्याला काम द्या. आठवडाभर घरी सराव करून घ्या, म्हणजे टेबलाशी येणाऱ्या पोरांपेक्षा त्याला ते सरस येईल. मग तो शाळेच्या हुडीत उभा राहिला तरी चालेल. माझं ऐकाल तर हुडीतच राहू द्या.

आता डिसेंबरात काय मांडायचं ते. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि इतका रुळला की तो परका वाटतही नाही. वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती घरांमधून डिसेंबरात फराळ होतो, गोव्यात त्याला कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, दोदोल (नारळाच्या दुधाची, गुळाची मऊ वडी) असतो, कुलकुल असतात. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. तेव्हा दिवाळी ओढूनताणून डिसेंबरात आणायची गरज नाही, नाताळचा फराळ आपल्या किनाऱ्यावर आहेच. फक्त एक पथ्य पाळा. तुम्ही सांगलीच्या, घरात कुलकुल कधी झाले नसतील, तर ‘ही आमची परंपरा’ असं सांगू नका. ‘आमच्या राज्यातल्या ख्रिस्ती घरांत हे करतात, आम्हीही आत्ताच शिकलो’ असं सांगा. लोकांना ते जास्त आवडतं, आणि ते खरंही आहे.

कुलकुल मुलांसाठीच जन्माला आलेला पदार्थ आहे. मैदा, थोडा रवा, साखर, नारळाचं दूध, चमचाभर तूप असं मळून झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर चपटी दाबायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. रेघारेघांचा शंख तयार. घरी तो तळायचा. संग्रहालयात अर्थातच कढई नाही. तिथे हेच काम मिठाच्या कणकेचं करा: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी, तेही बेताबेताने घालत. गोळा घट्ट हवा, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. मुलं शंख वळतील आणि कागदी कपात घालून घरी नेतील. घरी २५० फॅरनहाइटला दोनेक तास भाजायचे, जाड असले तर तीन तास. गुंडाळीच्या पोकळीतून रिबीन ओवली की झाडावर टांगायला तयार. भाजायची कृती चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. चिठ्ठीत हेही लिहा की ही कणीक कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, इतकं मीठ कुत्र्यांना विषासारखं बाधतं. झाडाच्या खालच्या फांदीवर टांगलेला शंख आणि घरातला लॅब्राडोर यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

आणि खायचे शंकरपाळे त्याच टेबलावर ठेवू नका. मी ठेवले होते. एका चिमुरडीने मिठाचा गोळा चावला आणि नंतरचा अर्धा तास मी तिच्या आजीची समजूत घालत होते.

दुसरं काम हवं असेल तर आकाशकंदील. कामट्यांचा, खळ लावून चिकटवलेला षटकोनी कंदील मनात आणू नका, तो घरच्या अंगणाचा आणि चार संध्याकाळींचा उद्योग आहे. जाड रंगीत कागद लांबीत दुमडा, दुमडीकडून काठाच्या बोटभर अलीकडेपर्यंत चिरा द्या, उघडा, नळकांडं करून स्टेपल मारा. वर कागदाचीच मूठ आणि खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या. पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. तुमच्या भागात नॉर्वे-डेन्मार्कच्या घरांतून दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत विणून हृदयाच्या आकाराच्या पिशव्या करतात. परीकथांच्या अँडरसनने १८६० मध्ये केलेली अशी एक पिशवी डेन्मार्कमध्ये अजून जपलेली आहे. अशा पिशव्यांचं टेबल बहुधा तुमच्या संग्रहालयात त्या दिवशी असेलच. तुमच्या मुलाला आधी तिकडे बसवा, एक हृदय विणू द्या आणि मगच तुमच्या टेबलावर आणा. पाहुणा होऊन आलेल्याला यजमानपण लवकर जमतं.

संग्रहालय कशाकशाला नाही म्हणेल ते आताच सांगते, म्हणजे त्या दिवशी तोंडघशी पडायला नको. खरी ज्योत नाही. सुटे तांदूळ, डाळी नाहीत. ताजी फुलं नाहीत. रांगोळीची पूड नाही. पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावी, मी पितळी समई, झेंडूची ताटली आणि तांदळाची रांगोळी असा थाट मांडला होता. तिथल्या बाई जवळजवळ पळतच आल्या. मला तेव्हा फार राग आला, ‘आमच्या दिव्याचं यांना वावडं’ वगैरे मनात येऊन गेलं. नंतर त्यांनी मला माळ्यावरची लोकरीची घोंगडी दाखवली, कीडीने चाळण केलेली. धान्यातून कीड येते, फुलांतून बारीक किडे येतात, सांडलेल्या खाण्यावर उंदीर येतात, आणि एकदा शिरले की शंभर वर्षांचं कापड त्यांना बुंदीच्या लाडवासारखं. रांगोळीची धूळ काचेच्या कपाटांतही जाऊन बसते. उंदरांवरून आठवलं: वॉशिंग्टनमध्ये १९६७ साली एका जुन्या सिनेमागृहात अॅनाकोस्टिया नावाचं वस्तीचं संग्रहालय सुरू झालं, त्यांनी १९६९ मध्ये चक्क उंदरांवरच प्रदर्शन भरवलं, कारण वस्तीतल्या लोकांचा रोजचा प्रश्न तोच होता. मला ते संग्रहालय त्या एका गोष्टीसाठी आवडतं. असो. बॅटरीच्या पणत्या न्या. रांगोळी हवी तर काळ्या कार्डावर पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढून द्या, मुलं जोडतील.

आता फराळ, म्हणजे सासूबाई. आधी संग्रहालयाला विचारा की घरी केलेलं वाटू देतात का. प्रत्येक ठिकाणची रीत निराळी असते. काही जण फक्त पाकीटबंद, घटक छापलेलं घेतात. मिनेसोटात घरगुती पदार्थ विकायचे तर २०१५ पासून नोंदणीचा रस्ता आहे, पण तुम्ही विकत नाही, वाटताय, तेव्हा शब्द संग्रहालयाचाच. परवानगी मिळाली तरी सगळा फराळ नको. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, चकलीत तीळ. अमेरिकेत लेबलावर सांगावेच लागतात असे ॲलर्जीचे नऊ मुख्य घटक आहेत, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ त्यांतला नववा. (ब्रिटनमधल्या वाचकांनी याहून सावध राहावं. तिथली यादी चौदा घटकांची आहे आणि त्यात मोहरीही येते, म्हणजे चिवड्याची फोडणीच यादीत.) अनारसा आणि चिरोटा हातातच चुरा होतात.

राहिले शंकरपाळे. मैदा, तूप, साखर, दूध. सुका पदार्थ, एका घासाचा, न चुरणारा. माणशी तीन धरले तरी दोनशे जणांना सहाशे. दीड किलो मैद्याचे केलेत तर पुरून उरतील, आणि उरलेले तुम्हालाच हवे असणार. छोट्या कागदी कपांत आधीच भरून ठेवा, समोर पाटी ठेवा: गहू आणि दूध आहे, सुकामेवा नाही. ज्या घरात एरवी काजू कुटले जातात तिथे परातही धुऊनपुसून घ्यावी लागते, आणि तरीही ज्याला कडक ॲलर्जी आहे त्याला ‘हे घरच्या स्वयंपाकघरातलं आहे’ असं तोंडाने सांगायचं. सासूबाईंना हे नियम म्हणून सांगू नका. ‘आई, एका पोराला शेंगदाण्याने दवाखान्यात न्यावं लागतं’ एवढं पुरे. ज्या बाईने आयुष्यभर उपासाचं वेगळं, सोवळ्याचं वेगळं सांभाळलं, तिला वेगळी परात ही काही नवी गोष्ट नाही. दोनशे माणसांच्या फराळाची हौस मात्र मोडू नका. तो घरी करा आणि पुढच्या रविवारी संग्रहालयातल्या त्या स्वयंसेवक बायकांना चहाला बोलवा. चकली तेव्हा.

त्या शनिवारी सासूबाईंना खुर्चीत नुसतं बसवूनही ठेवू नका. त्यांचं कातण आणि सोऱ्या टेबलावर मांडा. सोऱ्या बघून कुणीतरी नक्की म्हणेल की आमच्याकडे बिस्किटं पाडायला असंच यंत्र आहे. कातणाने मिठाच्या कणकेच्या पट्ट्या कापू द्या मुलांना. त्या नागमोडी कडेवर मुलं वेडी होतात, बाकी सगळं सोडून तेच करत बसतात.

वेळ मिळाला तर त्याआधी मिनियापोलिसला अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट बघून या. टर्नब्लाड कुटुंबाची दगडी हवेली, १९२९ पासूनची संस्था. डिसेंबरात तिथे एकेका नॉर्डिक देशाच्या रीतीने एकेक खोली सजवतात. जेवणाचं टेबल कसं मांडलंय एवढंच बघा. फलक वाचण्याआधी माणसं ताटांकडे पाहतात.

आणि लेफ्से, म्हणजे नॉर्वेची बटाट्याची पोळी. तुमच्या भागात हा दिवस आणि लेफ्से नाही, असं सहसा होत नाही. उकडलेल्या बटाट्याचा लगदा, लोणी, साय, मैदा असं मळून गोल पाटावर खाचांच्या लाटण्याने पातळ लाटतात, मोठ्या तव्यावर टाकतात, लांब चपट्या काठीने उलटतात. मग लोणी लावायचं, वर साखर भुरभुरायची आणि गुंडाळी करून खायची. सासूबाईंनी हे पाहिलं की त्या एकच वाक्य म्हणतील, ते मी इथे बसून सांगू शकते: ‘अगं, ही तर तूपसाखरपोळी.’ त्यापुढे तुम्ही दुभाषी म्हणून फार मध्ये पडू नका. दोन्ही बायकांच्या हातात लाटणी असली की कणीक किती मऊ, तवा किती तापलेला, हे त्या एकमेकींना बोटांनी दाखवतात. सासूबाईंचं स्वतःचं लाटणं बरोबर न्या, आणि संग्रहालयाच्या बाईंना आजच लिहून विचारा, आमचं टेबल लेफ्सेच्या शेजारी लावता येईल का.