गाडीतलं भांडण आणि मत्तयाचा पाचवा अध्याय

एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या परवानगीने, थोडं आटोपशीर करून इथे देते.

"सलाम. आम्ही चौदा वर्षं परदेशात आहोत. घरी रोज रात्री नऊला कौटुंबिक प्रार्थना असते, ती सहसा चुकत नाही. मुलगा सोळा वर्षांचा, मुलगी अकरा. मागच्या आठवड्यात मुलगा प्रार्थनेला बसणार नाही म्हणाला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, 'आई, शास्त्रात लिहिलंय ते तुला खरं वाटत असतं, तर तू काकूशी दोन वर्षं अबोला धरला नसतास.' घराच्या वाटणीवरून माझं आणि जाऊबाईंचं बिनसलं आहे, मुलांना ते माहीत आहे. मी त्याला आईबापाचा मान राखण्याची आज्ञा ऐकवली. तो उठला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मुलाला विश्वासात कसं टिकवायचं, ते सांगा."

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. खरं सांगू? मला तुमच्या मुलाची काळजी वाटली नाही. ज्या मुलाला वचनाचं काही पडलेलं नसतं, तो खाली मान घालून बसतो, आमेन म्हणतो आणि सुटतो. तुमच्या मुलाने इतकी वर्षं जे कानावर पडलं ते मनात ठेवलं, घरातल्या वागण्याशी ताडून पाहिलं आणि जुळेना तेव्हा बोलून दाखवलं. वचन खरं आहे असं वाटतं म्हणूनच तो चिडला आहे. बिरुया इथले लोक पौलाचं बोलणं ऐकून तेवढ्यावर थांबले नाहीत, 'ह्या गोष्टी अशाच आहेत की काय' हे पाहायला रोज शास्त्र उघडत होते, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 त्यांना त्याबद्दल नावाजतं. तुमच्या घरी एक बिरुयाकर तयार झाला आहे.

चुकलं ते त्याला दिलेलं उत्तर. आज्ञा खरीच आहे, पण त्या क्षणी ती तुम्ही ढालीसारखी पुढे केलीत. आपण आईवडील हे फार करतो. मूल अडचणीचं बोललं की हाताशी असलेलं वचन काढायचं आणि त्याला गप्प करायचं. इफिसकरांच्या सहाव्या अध्यायात तीच आज्ञा दुसऱ्या वचनात आहे, आणि दोनच ओळी खाली चौथं वचन बापांना सांगतं की मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्रात तर कारणही दिलंय, आणली तर ती खिन्न होतील. दुसरं वचन मुलांना ऐकवायचं असेल तर चौथं आधी स्वतःला ऐकवावं लागतं.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, माझ्याही अंगावर ते आलेलं आहे. आमची मुलगी आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ, उशीर झालेला, आणि उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी. घरातून निघताना माझं आणि यजमानांचं कशावरून तरी जुंपलं आणि ते गाडीतही चालूच राहिलं. मी टोचून बोलत होते, ते समोर बघून गाडी चालवत होते, मागच्या सीटवर मुलगी गप्प. मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं, कारण मला पाठ एकदा नजरेखालून घालायचा होता. मत्तय, पाचवा अध्याय, एकविसाव्या वचनापासून. एकीकडे मनात पुढचं वाक्य जुळवत होते आणि डोळे ओळींवरून सरकत होते. तेविसाव्या वचनापाशी आले. वेदीजवळ दान आणलं आहेस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, 'तर तेथेच वेदीपुढे आपले दान तसेच ठेव आणि निघून जा. प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर.' त्यापुढे मला वाचवेना. दहा मिनिटांनी हेच शब्द मी मंडळीपुढे उभी राहून वाचणार होते.

गाडी लावली. मी दार उघडलं नाही. म्हटलं, "माझं चुकलं. मी मघाशी तुमच्या आईबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं." त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "निघायला उशीर माझ्यामुळेच झाला होता." आतून पहिल्या गीताचा आवाज येत होता. मागून मुलीने विचारलं, "आता आत जायचं का?" आम्ही गीत संपल्यावर शिरलो, सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या दिवशी पाठ वाचताना माझा आवाज नीट लागला नाही, पण तो पाठ मी त्याआधी कधी इतका समजून वाचला नव्हता.

त्या वचनात एक बारकावा आहे, तो तेव्हाच लक्षात आला. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हणतो. म्हणजे चूक कोणाची, सुरुवात कोणी केली, कागद कोणाच्या बाजूने आहेत, हा हिशेब तिथे विचारातच घेतलेला नाही. ज्याला आठवलं त्याने उठायचं. ताई, तुमच्या मुलाने तुम्हाला आठवण करून दिली आहे.

आता तुमच्या रात्री नऊच्या प्रार्थनेबद्दल. ती बंद करू नका. पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर वचनं बिंबवायला सांगितलं आहे, तिथे वेळा बघा कोणत्या आहेत. घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. आणि त्याच्या आधीची अट, या गोष्टी तुझ्या हृदयात असाव्यात. आधी तुझ्या, मग मुलांच्या. आपण परदेशातल्या धावपळीत हे सगळं पंधरा मिनिटांत बसवतो आणि बाकीचा दिवस मोकळा सोडतो. मुलं मात्र त्या बाकीच्या दिवसातच शिकत असतात. नको असलेला फोन आला की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग", तिकीट कमी पडावं म्हणून वय एक वर्षाने कमी, हव्या त्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून ओळखीच्यांचा पत्ता. यातली प्रत्येक गोष्ट मुलाच्या देखत, बऱ्याचदा त्याच्याच तोंडून होते. 'तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे' हे वचन त्याला पाठ असतं आणि फोनवर खोटं बोलायलाही तोच असतो. हे मी मोठ्या पापांपेक्षा जास्त गंभीर समजते, कारण घरात त्याला कोणी पाप म्हणतच नाही.

आपल्या लोकांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला फार खुपते. आपण स्वतः परके म्हणून आलो, कागदपत्रांसाठी रांगेत उभे राहिलो, आणि दहा-पंधरा वर्षांत पाय रोवले की नंतर आलेल्यांना, निर्वासितांना नावं ठेवायला लागतो. लेवीय 19:34 मध्ये परमेश्वर परक्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगतो आणि लगेच आठवण देतो, तुम्हीही मिसर देशात परके होता. आपल्या घरांच्या भिंतींवर यिर्मया 29:11 हौसेने लावलेलं असतं, भवितव्याची आणि आशेची ती ओळ. ती बाबेलला धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातली आहे. त्याच पत्रात चार ओळी वर, सातव्या वचनात, ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलं त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा असं लिहिलंय. आणि मधल्या दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे सुटका लांब आहे, तोवर घरं बांधा, मळे लावा आणि ज्यांच्यात राहता त्यांचं भलं चिंता. शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या बाईंच्या दारासमोरचा बर्फ तुमच्या मुलाने काढला तर ते सातवं वचन झालं.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं विचारलंय की मुलांना मराठी शास्त्र नीट कळत नाही, मग काय करावं. जी भाषा कळते तीत वाचा. एज्राच्या वेळी लोकांपुढे नियमशास्त्र वाचलं तेव्हा ते स्पष्ट वाचून अर्थ समजावून सांगितला, असं नहेम्या 8:8 मध्ये आहे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या शेवटापर्यंत मराठी शास्त्राचं भाषांतर करत बसल्या, ते साध्यासुध्या बायाबापड्यांना वाचून समजावं म्हणून. त्या 1922 मध्ये वारल्या, पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं, आणि छपाईचं काम केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्याच संस्थेतल्या स्त्रियांनी केलं. त्या बाईंनी मुलांना न कळणारे शब्द नुसते घोकून घ्या असं कधी म्हटलं नसतं. मराठी शिकवा, जरूर शिकवा, स्तोत्रं मराठीत म्हणा, पण कळण्याच्या आड भाषा येऊ देऊ नका. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, घर दोन भाषांचं असणार. तरी त्याच्यातला निष्कपट विश्वास आधी आजी लोईस हिच्यात आणि आई युनीके हिच्यात होता असं पौल लिहितो. मुलात दिसण्याआधी तो त्या दोघींच्यात राहत होता.

घरात काय बदलावं म्हणाल तर मी फार थोडं सांगेन. आठवड्याला एकच वचन घ्या, आणि ते वाचायला नव्हे, करायला घ्या. पहिल्यांदा याकोब 1:19 घ्या, ऐकण्यास तत्पर, बोलण्यास धीमा, रागास मंद. रात्री एकमेकांना विचारा, आज कुठे जमलं, कुठे फसलं. आधी तुम्ही दोघांनी सांगायचं, मग मुलांनी सांगितलं तर सांगितलं. मुलांच्या चुका त्या बैठकीत तुम्ही काढायच्या नाहीत. पहिले काही दिवस अवघड जाईल, आईबापाने मुलांपुढे "आज मी ओरडले" म्हणायची आपल्याला सवय नाही. आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाचं उदाहरण याकोबाने त्याच अध्यायात दिलंय. रात्रीची ही पाच मिनिटं म्हणजे आरशापुढे जरा जास्त वेळ उभं राहणं.

मुलगा बसला नाही तर न बसू दे. दार लावून घेतलं असेल तर त्या दाराशी एकदा जा आणि सांगा, "काकूबद्दल तू म्हणालास ते बरोबर होतं. मी तुला ज्या वचनाने गप्प केलं, त्याची मला क्षमा कर." पुढे 'पण' लावू नका. 'पण तुझी बोलायची पद्धत' हे आणखी महिन्याने बोला, आत्ता नको.

मग जाऊबाई. रोमकरांस पत्रात 12:18 ला पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा. या 'शक्य असेल तर' आणि 'होईल तितकं'मध्ये मोठी दया आहे. समोरचीने फोन घेतला नाही, फटकारलं, तर तो दोष तुमच्या माथी नाही. समेट म्हणजे वाटणीतला हक्क सोडणंही नव्हे. घराचं काय ते वकील बघतील, तुम्ही बोलणं सुरू करायचं आहे. आणि एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण हे सदर इतरही वाचतात. ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथे क्षमेची वचनं दाखवून कोणालाही गप्प बसवू नका. तिथे आधी सुरक्षित जागा, पोलीस, मदत करणारी माणसं. तुमचं प्रकरण तसलं नाही, ते रुसव्याचं आणि मानाचं आहे.

फोन शनिवारी करा, जाऊबाईंकडे सकाळ असेल आणि कामाची घाई नसेल अशा वेळी. मुलाला शेजारी बसवू नका, नाहीतर ते त्याला दाखवण्यासाठी केलेलं होईल. घराचा विषय काढू नका. आधी लिहून ठेवा, नाहीतर तोंडात दुसरंच येतं: "वहिनी, मी दोन वर्षं बोलले नाही, ते माझं चुकलं. तुमची तब्येत कशी आहे?" एवढंच, आणि त्या बोलतील ते ऐका. फोन उचलला नाही तर निरोप ठेवा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा लावा.