सुपोषण झालं तर मासे मेले कसे?

प्रश्न असा आलाय की 'तलावाचं सुपोषण झाल्यामुळे मासे मेले' असं वाक्य वाचनात आलं, आता सुपोषण म्हणजे कुपोषणाच्या उलट, म्हणजे चांगलंच की, मग मासे मरतील कसे, भाषांतर करणाऱ्याने घोळ घातलाय का?

घोळ आहे खरा, पण भाषांतर करणाऱ्याचा नाही. मूळ शब्द युट्रोफिकेशन, त्यातला ग्रीक 'यू' म्हणजे चांगलं आणि 'ट्रोफी' म्हणजे पोषण, त्यामुळे सुपोषण हा प्रतिशब्द अगदी मापात बसतो. 1907 मध्ये वेबर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दलदलीच्या मातीबद्दल हे विशेषण वापरलं, मग 1919 मध्ये स्वीडनच्या नाउमानने ते तलावांना लावलं, आणि तेव्हा त्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर आहेत एवढंच सांगायचं होतं. पुढे सांडपाणी आणि खतं तलावात जाऊन जे काही होऊ लागलं त्यालाही तोच शब्द चिकटला.

आता 'सु' कुणासाठी ते बघा. शैवालासाठी! नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळालं की ते बेफाम वाढतं, पाण्यावर हिरवा थर धरतं, खाली उजेड जात नाही. मग ते मरून तळाशी बसतं आणि त्याला कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवत सुटतात. 25 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तो 2 च्या खाली गेला की बहुतेक माशांचं काही खरं नाही. रात्री तर जिवंत शैवालही फक्त ऑक्सिजन घेतच असतं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. तर मेजवानी शैवालाची आणि जीव गेला माशांचा, शब्द मात्र मेजवानीवरून पडलाय.

मग सरळ 'अतिपोषण' का म्हणू नये? बोलताना मी तेच म्हणतो, पण शास्त्रात लिहायचं तर एक अडचण आहे. तलावांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, अल्पपोषी, मध्यपोषी, सुपोषी आणि त्याच्याही पुढे अतिपोषी. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या 1982 च्या वर्गवारीत लिटरमागे सरासरी एकूण फॉस्फरस 10 मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर अल्पपोषी, 35 पर्यंत मध्यपोषी, 100 पर्यंत सुपोषी आणि त्यावर अतिपोषी. म्हणजे तिसऱ्या पायरीलाच अतिपोषण म्हणून टाकलं तर चौथीला काय म्हणणार, महाअतिपोषण? (हसू नका, असे शब्द बनलेत.)

कुणाच्या तरी बाजूने पडलेलं हे काही एकटंच नाव नाही. प्राणवायू घ्या, ज्या जीवाणूंना ऑक्सिजन म्हणजे विष त्यांच्याकडून बघितलं तर तो प्राणघेणा वायू. आणि 'ऑक्सिजन' तरी कुठे बरोबर आहे, त्याचा अर्थ आम्ल तयार करणारा, कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझियेला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात तो असणारच, पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतोच असं निघालं पण नाव तसंच राहिलं. नीलहरित शैवालाचंही तेच, ते शैवाल नाहीच मुळी, जीवाणू आहेत.

वर स्फुरद म्हटलं, तो माझा लाडका शब्द. 'स्फुर्' म्हणजे लुकलुकणं, चमकणं, आणि फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश आणणारा, पांढरा फॉस्फरस हवेत मंद चमकतो त्यावरून. अर्थही जुळला, थोडा आवाजही जुळला, असं फार क्वचित होतं. तलावात शैवाल माजतं ते नेमकं कशामुळे, हा मोठा वाद याच स्फुरदाने 1973 मध्ये निकाली काढला होता. कॅनडात ऑन्टारियोमधला 226 नंबरचा तलाव शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मध्ये पडदा लावून दोन भागांत तोडला, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला, आणि काही महिन्यांतच तेवढीच बाजू हिरवीगार झाली, दुसरी होती तशी. वरून काढलेला तो फोटो जरूर बघा, युट्रोफिकेशन म्हणजे काय ते शब्दाशिवाय कळतं.

तर त्या वाक्याचं काय करायचं? पाठ्यपुस्तकात, अहवालात सुपोषण राहू दे, पण पहिल्यांदा येईल तिथे अर्धी ओळ खर्चून अर्थ द्यावा. साध्या लेखात मी तो शब्दच टाळेन आणि लिहीन, 'तलावात नत्र-स्फुरद जास्त झालं, शैवाल माजलं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि मासे मेले.' लांबलं थोडं, पण मासे कसे मेले हे विचारायला कुणी येणार नाही. 'माजलं' मात्र ठेवा हं, 'शैवालाचा बहर' असंही लिहितात लोक, ज्याला आयुष्यात कधी फूल येत नाही त्याला बहर कसला?