आधीच भरलेला अर्ज आणि त्याखालची सही

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) विद्यार्थिनी आहे. युरोपातल्या रोमा ('जिप्सी' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या अल्पसंख्याक) लोकांविषयीच्या पूर्वग्रहांचा दोष पोलिसांना आणि पुढाऱ्यांनाच दिलेला दिसतो. समाजकार्याचा यात काय संबंध? क्षेत्रकामात काय सांभाळावं?

उत्तर : संबंध अगदी जवळचा आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात १८ रोमा मुलांना बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या 'विशेष शाळां'त घातलं होतं. १३ नोव्हेंबर २००७ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. कागदोपत्री सगळं चोख होतं : बुद्धिमापन चाचणी, पालकांची सही. पण चाचणी रोमा मुलांची भाषा आणि परिस्थिती धरून बेतलेली नव्हती. सहीचा अर्ज आधीच भरलेला होता आणि दुसऱ्या पर्यायाची त्यात ओळसुद्धा नव्हती.

रोमा बायकांवर दबाव आणून केलेल्या नसबंदीच्या प्रकरणात तर समाजसेवक थेट सामील होते. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात त्यासाठी बायकांना पैशाचं आमिष दाखवलं जाई, नाहीतर सरकारी भत्ता बंद करू, मुलं संस्थेत टाकू असा दम दिला जाई. अशा बायकांना ३ लाख क्राउन (चेक चलन) भरपाई देण्याचा कायदा चेक संसदेने केला तो २०२१ मध्ये.

म्हणून संमती पहिल्याच भेटीत उरकू नका. घरातल्या पोराला दुभाषी करू नका. आईच्या खासगी गोष्टी त्याच्यासमोर निघणारच नाहीत. सगळे पर्याय तोंडी सांगा आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत ऐका. भत्त्याचा विषय त्या दिवशी नकोच. सहज काढलात तरी तो धमकीसारखा ऐकू येतो.

गृहभेटीच्या अहवालात 'घर अस्वच्छ, पालक बेफिकीर' असं लिहिलं की पुढचा अधिकारी तेच उतरवतो. 'एका खोलीत सहा जण, नळ रस्त्यापलीकडे' असं लिहा. नुसतं घर अपुरं म्हणून मुलं काढून घेणं चूक, हे याच न्यायालयाने २००६ मध्ये दुसऱ्या एका चेक खटल्यात सांगितलं आहे. (पारधी वस्तीत काम केलेल्यांना 'बेफिकीर' हा शेरा नवा नसेल.)

प्रश्न : शाळा आणि वस्ती यांच्यामध्ये रोमा समाजातलाच मध्यस्थ नेमला तर?

उत्तर : उपयोग होतो, पण तो शाळेच्या तक्रारीच घरी पोचवत राहिला तर वस्ती त्याला शाळेचा माणूस समजते आणि दारं बंद होतात. पालकांची तक्रार मुख्याध्यापकांपुढे मांडण्याचा अधिकार त्याच्या नेमणूकपत्रातच हवा. पगारही नियमित हवा. दर वर्षी नव्याने कंत्राट होणारा माणूस मुख्याध्यापकांशी वाद घालणार नाही.