आठ दिवसांच्या जपान सहलीसाठी थोडीफार जपानी शिकून जावे का?

अवश्य शिकावी, मात्र पुस्तकातली पन्नास वाक्ये पाठ करण्यापेक्षा पाच-सहाच निवडावीत आणि ती मोठ्याने म्हणून जिभेवर बसवावीत. ‘सुमिमासेन’ हा एकच शब्द वेटरला हाक मारायला, गर्दीतून वाट मागायला आणि धक्का लागल्यास माफी मागायलाही चालतो.

शाकाहारी असाल, तर ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे ‘मांसही, मासाही खात नाही’, हे वाक्य पाठच हवे. तरीही तेवढ्यावर विसंबू नये, कारण भाज्यांच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नसतोच. त्यासाठी ‘दाशी वा हाइत्ते इमासु का?’ असे स्पष्ट विचारावे.

आपल्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही: क्रियापद शेवटी येते, प्रश्नासाठी वाक्याच्या टोकाला चक्क ‘का’ लागतो, आणि इंग्रजी भाषकांना अडखळवणारा ‘त्सु’ हा उच्चार ‘चमचा’तल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे. उत्तर मात्र भरभर येईल. तेव्हा मोबाइलवरील भाषांतराचे ॲप हाताशी असू द्यावे.