खर्र्याचा हिशोब कोणी ठेवायचा?

"मॅडम, हे खर्रा सोडत नाहीत, पगार पुरत नाही, मी यांच्या हातात पैसे देणंच बंद करू का?" चंद्रपूर, नागपूर, गडचिरोलीकडच्या बायका मला हा प्रश्न कायम विचारतात. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी नि चुना एकत्र घोटून केलेलं मिश्रण. उत्तर आधीच सांगून टाकते, नका करू. का ते एका केसवरून सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवरा खाणीजवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार, पगार अठरा हजार. बायको शिवणकाम करते, दोन मुलं, सोबत सासूबाई. ताई एकट्याच आल्या होत्या आणि येताना वही घेऊन आल्या, दूध किराणा गॅस ट्यूशन सगळं त्यात, अगदी मोबाईलचा रिचार्जसुद्धा, पण खर्रा कुठेच नाही. कारण तो पैसा वहीपर्यंत पोचतच नव्हता. पानठेल्यावर उधारी चालायची, पगाराच्या दिवशी हे आधी ठेल्यावर जायचे, मग उरलेले पैसे घरी. ताईंनी मागे दोन महिने पैसे अडवून पाहिले होते, तर उधारी वाढली आणि घरात भांडण वेगळंच. पैसे अडवले की खर्रा थांबत नाही, फक्त लपतो. म्हणून म्हणते नका करू.

मी तिथेच हिशोब मांडला. पन्नी, म्हणजे खर्र्याची एक पुडी, तीस रुपयांची, दिवसाला पाच, म्हणजे दीडशे, महिन्याला साडेचार हजार. पगाराचा बरोबर चौथा हिस्सा, आणि दोस्तांना खाऊ घातलेले वेगळे. ताई म्हणाल्या, "बाप्पा! एवढ्यात तर पोराची फी निघते," आणि आता घरी जाऊन हेच सुनावते म्हणाल्या. मी थांबवलं. एवढ्या पैशात गाडी आली असती, सोनं आलं असतं, हे गणित प्रत्येक बायकोने प्रत्येक नवऱ्याला ऐकवलेलं असतं आणि त्याने एकही माणूस सुटलेला मी पाहिला नाही, तो ऐकून घेतो, ओशाळतो, आणि ओशाळला की पहिला हात खिशातल्या पन्नीकडेच जातो. तीस रुपये एकावेळी जातात हो, साडेचार हजार एकावेळी कधीच जात नाहीत, त्यामुळे त्याला तो आकडा आपला वाटतच नाही.

आपल्याकडचं बोलायचं तर सिगरेट हा मुळात मुख्य विषय नाहीच. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते आणि खाण्याचा, लावायचा तंबाखू घेणारे जवळपास चोवीस टक्के. गुटखा 2012 पासून राज्यात बंद, सुगंधी तंबाखू नि सुगंधी सुपारी 2013 पासून, तरी ठेल्यावर पाटीवर घोटून खर्रा मिळतोच, लपूनछपून म्हणून थोडा महाग मिळतो इतकंच.

भाऊ, म्हणजे ताईंचा नवरा, दुसऱ्या वेळी आले, चेहऱ्यावर "आता लेक्चर ऐकाव लागन" असं स्पष्ट. मी पैशाचं काढलंच नाही. फक्त एक छोटी वही दिली, म्हटलं सोडू नका, कमीही करू नका, प्रत्येक पन्नी फोडताना वेळ आणि जागा लिहा. ही वही ताईंनी बघायची नाही हे दोघांसमोर ठरलं. ताईंना ते अजिबात आवडलं नाही पण मानलं.

मला त्या वहीतला खर्च नको होता, वेळा हव्या होत्या. आठवड्याने बघितलं तर सकाळी उठल्याउठल्या एक, संडासला जायच्या आधी, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणे. दोन नाइट शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून. एक सुटल्यावर ठेल्यावर दोस्तांसोबत. आणि एक रात्री घरी, भांडण झालं की. हे वाचून भाऊ स्वतःच म्हणाले, "मॅडम, ठेल्यावरचा तर मी खातो का बोलाले जातो तेच समजत नाही." मग आम्ही तिथूनच सुरू केलं. सगळ्यात सोपा तोच होता, घरी जायचा रस्ता बदलला. उधारी त्यांनी स्वतः जाऊन फेडली आणि ठेलेवाल्याला सांगितलं की आता नगदी. हे बायकोने जाऊन सांगितलं असतं तर चारचौघात इज्जत गेली असती आणि दुसरा ठेला शोधला असता.

सकाळचा सगळ्यात अवघड. त्यासाठी डॉक्टरांना दाखवून निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंगम, सुरू केलं. पण खर्र्यात सुपारीही असते आणि सुपारीची स्वतःची वेगळी सवय लागते, ती च्युइंगमने भागत नाही, म्हणून "तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो" हे मी चालू देत नाही. बडीशेप, लवंग, भाजलेले चणे, जे चालेल ते. डेंटिस्टकडेही पाठवलं, कारण भाऊंना तिखट झोंबत होतं आणि तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नव्हती. असं असेल तर वाट बघत बसू नका, आधी तोंड दाखवून या. तपासून आल्यावर भाऊ जरा घाबरले, ते मात्र खरंच कामाला आलं.

पहिले दोन-तीन दिवस चिडचिड जोरात असते, पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. त्या दिवसांत ताईंना एकच काम होतं, पैशाचा विषय काढायचा नाही. त्या म्हणाल्या, हे माझ्यासाठी जास्त अवघड होतं! मध्ये एका लग्नात घसरले, दोन दिवस खाल्ला, पण वहीत लिहून आणला. आता कधीतरी नाइटला एखादा होतो. पैसे म्हणाल तर सोनं-बिनं काही आलं नाही, किराणा दुकानाची उधारी मिटली, फी वेळेवर गेली.

नवरा यायलाच तयार नसेल तर तुम्ही एकट्या या, ताई तशाच आल्या होत्या. किंवा 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे, नवऱ्याला लाज वाटत असेल तर तोंड न दाखवता बोलता येतं.

आणि हो, त्या घराच्या वहीत आणखी एक खर्च सुटला होता, सासूबाईंची नस, म्हणजे तंबाखूची पूड. रोज सकाळ-संध्याकाळ दातांना घासतात, पुडी नातू आणून देतो. त्यांनाही आणा म्हटलं, तर निरोप आला की मी कुठं खर्रा खातो, माझं तर दात घासायचं औषध आहे.