जैविक आपत्ती आणि तालुक्याचे रुग्णालय

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात परिचारिका आहे. जैविक हल्ल्यासारख्या प्रसंगाची तयारी लहान रुग्णालयाने कशी करावी?

उत्तर : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तींविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या असून, त्या आधी वाचाव्यात. तरीही खरी कसोटी पहिला रुग्ण ओळखण्याची असते. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, तेव्हा २२ जण आजारी पडले व ५ दगावले. तो प्रकार उघडकीस आला तो सजग डॉक्टरांमुळे. कोकणात पावसाळी ताप म्हटला की लेप्टोचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) विचार होतो आणि तो योग्यच आहे. परंतु एकाच वाडीतील एरवी धडधाकट माणसे एकाच वेळी गंभीर झाली, तर पक्क्या निदानाची वाट न पाहता जिल्हा आरोग्य यंत्रणेला त्याच दिवशी कळवावे. अँथ्रॅक्स सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, फुफ्फुसांचा प्लेग मात्र होतो. म्हणून खोकणाऱ्या रुग्णाला मास्क देऊन वेगळ्या खोलीत ठेवावे. मास्क, हातमोजे यांचा साठा आणि जनरेटर तळमजल्यावर नसावेत, हे जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर आपल्याकडे कुणाला वेगळे सांगायला नको.